त्रुवे म्हणजे सापडलेला

"नमस्ते, उदयजी!" असं म्हणत पाहुण्याने दारातच हात जोडले, तेव्हा खाटेवर बसलेल्या उखाआबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर सप्तशृंगीची तसबीर. उदय नावाचं कोणी तिथे नव्हतं.

"हाऊ उदय कोन शे रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

योगराजचे कान तापले. "साहेब लाडानं म्हणतो, आबा. बसा तुम्ही."

पाहुणा फ्रान्सचा होता. हजीऱ्याला योगराज ज्या कारखान्यात फोरमन होता, तिथे नवं यंत्र बसवायला तो आला होता. त्याचं आडनाव त्रुवे. पहिल्याच दिवशी त्याने योगराजच्या छातीवरचा पास वाचला होता : योगराज यू. सोनवणे. "हा यू कशाचा?" त्याने सहज विचारलं. आणि योगराजच्या तोंडून, एवढंसंही न अडखळता, निघून गेलं, "उदय. माझ्या वडिलांचं नाव. उगवता सूर्य."

शाळेत पोरं त्याला 'उकिरड्याचा' म्हणून चिडवायची. तेव्हापासून बापाचं नाव त्याने एका अक्षरावर आणून ठेवलं होतं. ते एक अक्षरही कधी कोणी उघडून पाहील, असं त्याला वाटलं नव्हतं. हजीऱ्याहून घरची लिंबायतची वस्ती दूर. साहेब थोडाच घरी येणार होता?

पण साहेबानेच एकदा म्हटलं, तुमच्या घरचं जेवायचंय. नाही कसं म्हणायचं? आणि आता तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, समोर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती, आणि योगराजची बायको सुषमा तुपाची वाटी घेऊन पदर सावरत उभी होती. दाराशी अर्धी गल्ली जमली होती. सगळ्यांत पुढे शेजारच्या प्रमिलाबाई.

"बाई गं, कसा लाल शे! उन्हानं की जन्मनाच?" त्या म्हणाल्या. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

आपल्याकडे पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग कोणाचे कोण ते. त्याशिवाय घास गोड लागत नाही. उखाआबांनी बट्टी कुस्करून दाखवली, वरून वरण ओतायला लावलं आणि मग योगराजकडे पाहिलं.

"इचार त्याले. त्रुवे म्हंजे काय? कोनतं कूळ?"

योगराजने इंग्रजीत विचारलं. साहेबाला आनंद झाला. त्याने हात पुसले आणि सांगू लागला. त्रुवे म्हणजे सापडलेला. सहा-सात पिढ्यांमागे कोणीतरी एक तान्हं मूल दवाखान्याच्या पायरीवर ठेवून निघून गेलं. ना आईचा पत्ता, ना बापाचा. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी ते उचललं, आणि नाव तर काही लावायलाच हवं, म्हणून 'सापडलेला' असंच लावलं. अशी नावं तेव्हा पुष्कळ पडली. पुढे तिकडच्या सरकारनेच सांगितलं, मुलाच्या जन्माची लाज दाखवणारी आडनावं ठेवू नका. नवी पडायची थांबली. "आता आमच्या गावात हे नाव सांगणारं आमचं एकच घर आहे," तो म्हणाला. हे सगळं सांगताना तो मजेत बट्टी खात होता.

योगराजला मात्र त्याच्यासाठीच कानकोंडं झालं. बेवारस पोराचा वंश! हे बापाला सांगायचं? दारात उभ्या बायांना ऐकवायचं? साहेबाची गल्लीत काय इज्जत राहील?

"आबा, मोठं घराणं आहे," तो म्हणाला. "त्रुवे म्हणजे शोधून काढणारा. दर्यापार जाऊन शोध लावणारी माणसं."

उखाआबांनी तोंडातला घास सावकाश चावला. मग म्हणाले, "तो ते नही सांगी ऱ्हायना."

"तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

"इंग्रजी नही येत. हात येतस."

ही गोष्ट योगराज विसरलाच होता. आबांचं सगळं आयुष्य कापड विणायच्या लूमच्या खात्यात गेलं होतं. तिथे खडखडाट एवढा की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. कारागीर हातांनी बोलतात. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, पोरगी झाली, म्हातारी गेली. सगळं हातांनी. आणि साहेब गोष्ट सांगताना दोन्ही हातांची झोळी करून ती खाली ठेवत होता, मागे सरत होता, पुन्हा वाकून उचलत होता.

"तो पोऱ्या उचली ऱ्हायना," आबा म्हणाले. "कोनी तरी टाकेल पोऱ्या."

मग ते खाटेवरून उठले. गुडघे धरून साहेबासमोर उकिडवे बसले आणि त्यांनीही हातांची झोळी केली. ती जमिनीवर ठेवली. वरून मूठमूठ कचरा टाकल्यासारखं केलं. मग उभे राहिले, साहेबाकडे पाठ केली आणि डोळ्यांवर पदर घेतल्यासारखा हात ओढला. पुन्हा वळले, आता दुसरीच बाई असल्यासारखे वाकले आणि झोळी उचलली. शेवटी ओंजळीने काहीतरी मोजून टाकलं आणि झोळी परत छातीशी घेतली. मग तोच हात स्वतःच्या छातीवर आपटला.

साहेब जेवायचा थांबला. "काय सांगतायत तुझे वडील?"

सुषमा योगराजकडे पाहत होती. दारातल्या बाया पाहत होत्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीला ही गोष्ट ठाऊक होती. गोष्टीचं इंग्रजी करणारा मात्र घरात एकच होता.

योगराजने खाली बघत सांगितलं. आजीची आधीची पोरं जगत नव्हती. म्हणून आबा झाले तेव्हा तिने त्यांना गावाच्या उकिरड्यावर ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली. मागे बघायचं नाही असा नेम. शेजारणीने पोर उचललं. टाकलेलं पोर ते, आता तिचं झालं. मग आजीने ओंजळभर बाजरी देऊन तिच्याकडून ते विकत घेतलं. असल्या कचऱ्यातल्या पोराकडे मरण ढुंकूनही बघत नाही म्हणतात. नावही तसंच ठेवायचं. धुडकू, दगा, उकिरड्यावरचा म्हणून उखा.

"उखा?" साहेबाने कपाळाला आठी घातली. त्याचं बोट आपोआप वर गेलं, आभाळाकडे. "पण उदय... सूर्य?"

आबांनी ते बोट पाहिलं. "काय म्हनस तो?"

आता योगराजला पळायला जागा नव्हती. आधी त्याने इंग्रजीत सांगितलं, "उदय माझ्या वडिलांचं नाव नाही. मी खोटं बोललो." मग तेच मराठीत सांगावं लागलं. "आबा, मी यांना तुमचं नाव उदय सांगितलं होतं."



"मना मायनी बी पाठ फिरवेल व्हती," आबा म्हणाले. "पन ती परत वळनी." मग सुषमाला म्हणाले, "सूनबाई, तूप वाढ. पाहुणा थांबेल शे."

साहेबाला सोडायला योगराज रिक्षापर्यंत गेला. चालता चालता साहेब म्हणाला, "माझे आजोबाही लोकांना सांगायचे, आम्ही शोध लावणाऱ्यांच्या वंशातले. त्यांना त्या पायरीची लाज वाटायची." आणि त्याने योगराजच्या खांद्यावर हात ठेवला.

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. साहेबाच्या आजोबांनी कधीच्या मेलेल्या माणसाचं नाव झाकलं होतं. योगराजचा माणूस जिवंत होता, समोर बसला होता आणि मागे वळून उदय कोण ते शोधत होता.

तो परतला तेव्हा आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. समोरून प्रमिलाबाई भांडी घासता घासता हाक मारत होत्या.

"उदयशेठ! ओ उदयशेठ! गया का तुमना साहेब?"

गल्ली हसली. योगराज थबकला. आता आबा चिडतील, शिवी हासडतील, असं त्याला वाटलं. हासडली असती तर बरं झालं असतं.

"ओ," आबा म्हणाले. "गया ना बाई."

त्यांनी त्या नावाला ओ दिली होती. मुलाचं आणखी हसं होऊ नये म्हणून.

योगराजने आजच्या दिवसापर्यंत बापाचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आधी मान म्हणून, पुढे लाज म्हणून. तो गल्लीच्या मध्ये उभा राहिला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "प्रमिलामावशी, उखा म्हना. मना बापनं नाव उखा शे."

बायांचं हसणं थांबलं. आबांचा अडकित्ता मात्र चालूच होता.

"धीरे बोल," ते मान वर न करता म्हणाले. "गल्लीले ठावकं शे. ठावकं नव्हतं ते फक्त तुना साहेबले."