मावशीचा पाच थरांचा दिवा

टेबलावर सहा शीट होत्या. पाच कोरलेल्या, एक कोरी. सगळ्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या, तीन मिलिमीटर जाड. शिवाय पाच खाचांची लाकडी बैठक, तिच्यात बसवलेली एलईडीची पट्टी, एक सुती फडकं आणि स्पिरिटची बाटली. बाटली मी आणलेली नव्हती. ती मावशीची.

तिच्या खिडकीतून दिसणारं सगळं मी लेझरने पाच थरांत कोरलं होतं. कठडा, पायऱ्या, नदी, पूल, झाडं. शीट एकामागे एक उभ्या करून खालून उजेड दिला की फक्त कोरलेल्या रेषा उजळतात आणि मधल्या फटींमुळे पूल खरंच लांब वाटतो. मशीनपुढे आठवडा गेला होता. डोळे चुरचुरत होते, मानही धरली होती.

निघताना आईने बजावलं होतं, "दिव्याच्या निमित्ताने तिची नजर बघून ये. कमी झाली असेल तर याच महिन्यात घराला कुलूप लावून तिला इकडे आणायचं. मग करू दे आदळआपट."

मावशीला हे कोणी सांगायची गरज नव्हती. ती छत्तीस वर्षं नर्स होती. तपासायला आलेलं माणूस ती चपलांच्या आवाजावरून ओळखते.

मी वायर जोडायला वाकले, तेवढ्यात तिने तिसरी शीट स्पिरिटने पुसून काढली.

"अगं, स्पिरिट नको लावूस."

"का? जन्मभर सगळं त्यानेच पुसलं. माणसंसुद्धा. बघ कशी लख्ख झाली."

लेझरने कापलेल्या कडेत ताण राहतो, स्पिरिट लागलं की तिथून तडे जातात. नदीच्या डाव्या कडेपासून ते आत पसरले होते. मला हातभर अंतरावरून दिसत होते. शीट तिच्या हातात होती.

मी हात पुढे केला. ती शीट घेऊन मांडीवर ठेवली आणि तिसऱ्या खाचेत कोरी बसवली. मग पडदा ओढला, दिवा लावला.

"किती थर दिसतात?"

"पाच."

"कोणते?"

"कठडा, पायऱ्या, नदी, पूल, झाडं. झालं समाधान, शास्त्रज्ञबाई? आता चहा टाक."

मी उठले नाही. तिचा हात धरला आणि बोटं मांडीवरच्या शीटवर, कोरलेल्या लाटांवर ठेवली. बोटं थोडी पुढे सरकली आणि थांबली.

"मधे काय लावलंस?"

"कोरी."

"लबाड. आईवर गेलीस अगदी." ती हसली, पण त्यात दम नव्हता. "काय सांगणार तिला?"

"तूच सांग काय सांगू."

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. पडदा ओढलेलाच होता.

"ताप असताना पेशंट गळ घालायचे," ती म्हणाली. "सिस्टर, नॉर्मल लिहा ना, घरी जाऊ द्या. पाया पडायचे. एकदाही लिहिलं नाही मी." चष्मा काढून तिने पदराने पुसला. "आणि ही काय तपासायची रीत झाली? मला क्रम पाठ आहे. एकेक लाव, पिसून. अंतर मोज आधी."

मी टेप काढली. कोरी शीट बाजूला ठेवली, बाकीच्या पाच पाठीमागे पिसल्या आणि एकेक करून मधल्या खाचेत लावत गेले. दर वेळी ती मान आधी डावीकडे, मग उजवीकडे कलवायची. पुढे मात्र झुकली नाही. दोनदा म्हणाली, "नाही कळत." पायऱ्यांना झाडं म्हणाली.

पाचवी काढल्यावर मी दिवा बंद केला.

"लिही," ती म्हणाली. "वर तारीख घाल."

मी तारीख घातली. खोलीत अंधार, चष्म्यासह, अंतर साठ सेंटिमीटर. पाचपैकी दोन बरोबर.