मेयरबाईंचा जाहीरनामा

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या पलीकडच्या आमच्या गावात मेयर असतो तो शोभेपुरता. सध्या लोरीन यहोला आहेत. वय सत्तर, मूळच्या इथल्याच मस्कोगी या आदिवासी जमातीच्या. तीस वर्षं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात राहून त्यांनी भांडणारे देश एका टेबलाशी बसवले. आता डोनटच्या दुकानांच्या फिती कापतात. गाव मॅनेजर चालवतो, निर्णय कौन्सिल घेतं, बाईंना साधं मतसुद्धा नाही.

आमच्या मराठी मंडळाला क्रिकेटचं मैदान हवं होतं. कौन्सिलने नदीकाठची जागा शोधून काढली. बाईंनी सभेत सांगितलं की तिथे त्यांचे पूर्वज पुरलेले आहेत. सगळ्यांनी हळहळून टाळ्या वाजवल्या आणि विषय पुढे सरकवला. जनतेची मागणी आहे म्हणे. जनता म्हणजे आमचा अध्यक्ष सुमंत.

याच सुमंतला गावाने एक दिवस 'मराठी दिन' म्हणून जाहीर करून हवा होता. असा जाहीरनामा मागेल त्याला मिळतो. गेल्या महिन्यात पॅनकेकला मिळाला. बाईंनी मसुदा मंजुरीसाठी तीन दिवस आधी पाठवला. सुमंतने दोन मिनिटांत 'लुक्स ग्रेट' असं कळवलं आणि तो फेट्याच्या मागे लागला.

मी मंडळाची सेक्रेटरी. मी मसुदा वाचला. चौथ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की नदीकाठच्या थडग्यांचा मान राखून मंडळ मैदानाची मागणी मागे घेत आहे. मी गप्प बसले. त्या दिवशी टाळ्या मीही वाजवल्या होत्या, आणि त्याची मला लाज वाटत होती.

समारंभात बाईंनी शब्दन् शब्द सावकाश वाचला. आमची मंडळी सेल्फीत दंग. सुमंतने खाली मंडळाच्या वतीने झोकात सही ठोकली आणि कागद छातीशी धरून सतरा फोटो काढून घेतले. कौन्सिलवाले मात्र ऐकत होते. मागणीच उरली नाही म्हटल्यावर पुढच्या बैठकीत त्यांनी मैदान रद्द केलं.

सुमंत तणतणत बाईंच्या ऑफिसात गेला, साक्षीला मला घेऊन. ही फसवणूक आहे, आपण ते वाचलंच नव्हतं, असं त्याने तीनतीनदा सांगितलं. बाईंनी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या पूर्वजांनीही न वाचताच सह्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "सगळी जमीन गेली. पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं."