साफ

"बाबा, हा जरा साफ करून ठेवा," एवढंच म्हणून लेक सकाळी प्रयोगशाळेत पळाली होती. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या माणसाला साफ म्हणजे काय, हे शिकवायला हवं? त्याच्या धंद्यात साफ म्हणजे बिनडागाचा. आणि या खड्याच्या तर ऐन कडेला काळा ठिपका होता, खसखशीएवढा. "कसला दळभद्री माल उचलून आणलाय पोरीने!" म्हणत त्याने खडा पकडीत बसवला आणि तेल लावलेल्या चाकावर धरला.

दिवसभर घासत बसला. मधेच टक् असा बारीक आवाज आला. असं कधी झालं नव्हतं, पण खडा शाबूत दिसला, म्हणून त्याने काम पुढे रेटलं. डाग गेला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. "बघ! डोळे गेले, पण हात नाही गेला."

तिने भिंग लावलं. खडा फिरवला, पुन्हा फिरवला आणि मटकन खाली बसली.

"बाबा, डाग कुठाय?"

"काढला की! तूच म्हणालीस, साफ करा."

"अहो, धुवायला सांगितलं होतं! वरचा चिकटा निघावा म्हणून!" तिचा आवाज चिरकला. "तो डागच हवा होता मला. सातशे किलोमीटर खोलचं खनिज होतं ते. तिथल्या दाबात, तिथल्या आगीत घडलेलं. हिऱ्याने आवळून धरलं होतं, म्हणून वर येऊनही जसंच्या तसं राहिलं. दोन वर्षं यंत्रात दगड दाबतेय, भाजतेय, नुसते अंदाज बांधतेय. खरा कण हा एकच मिळाला होता. उद्या तपासणार होते."

"आणि हिरा उघडला की?"

"पकड सुटते. ते फुगतं, तडकतं. संपलं."

टक्. तो धडपडत चाकाशी गेला आणि काळ्या तेलात बोटं फिरवू लागला. "यातच असेल गं. गाळून घेऊ, थांब."

"सापडलं तरी ते आता ते राहिलेलं नाही, बाबा."

"अगं, मग रागाव तरी मला! वाट्टेल ते बोल!"

तिने डोळे पुसले. खडा उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"छान झालाय, बाबा. एकदम साफ."

उभ्या आयुष्यात लेकीने त्याच्या कामाला पहिल्यांदाच छान म्हटलं, आणि धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.