सव्वा मिनिटाचा सेल

रेडिओवाल्याने ई-सिगारेटच्या नळीचं बूड पक्कडीत धरलं, हलका पीळ दिला आणि आतला ऐवज बाहेर ओढला. आधी टरबुजाच्या वासाचा ओला स्पंज, मग बोटाच्या दोन पेरांएवढा सेल. लोक अशा नळीतून चार दिवस धूर ओढतात आणि ती फेकून देतात. आतला सेल मात्र अजून तीनशे वेळा चार्ज होईल इतका तरणाबांड असतो. इतक्या धडधाकट जिवाला जिवंतपणी पुरण्याची पद्धत त्याने दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिली नव्हती.

त्याचा हात असा, की मेलेल्या रेडिओला एकदा नुसती टिचकी मारली तर त्यावर उद्याच्या बातम्या लागल्या, असं गल्लीत सांगतात. थोडं कमी करून सांगायचं, तर आज संध्याकाळच्या.

"अहो, किती झाले?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

"तीन. चौथा मिळाला की रांग पुरी."

"म्हणजे उद्या मी पाच मिनिटं जास्त जगणार. करू काय तेवढ्यात?"

"माझ्या चुका मोज."

"पाच मिनिटांत? त्याला वीजघर उभारावं लागेल."

एवढं बोलून तिला थांबावं लागलं. चादरींच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ती माग चालवत होती. कारखाना बंद पडला, पण कापूस तिच्या छातीत तसाच राहिला. आता नाकात नळी आणि कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन. रोज दोन ते पाच वीज जायची. म्हणून त्याने एका मोठ्या डब्यात सेलच्या रांगा रचल्या होत्या, चार-चार सेलच्या बत्तीस. एका रांगेवर मशीन पाच मिनिटं चाले. हिशेब दोन तास चाळीस मिनिटांवर येऊन अडला होता.

उरलेली वीस मिनिटं. डॉक्टर म्हणाले होते, ही वीस मिनिटंच तिचं हृदय रोज थोडं थोडं कुरतडतायत.

पूर्वी झाडूवाली मावशी सिनेमागृहाबाहेरून पिशवीभर नळ्या आणून द्यायची. दोन महिन्यांपूर्वी तिला दुसरा रस्ता मिळाला. तेव्हापासून मुलगीच आणत होती, रोज एक. ऑफिसबाहेर सापडते म्हणायची.

आज तिला सुट्टी होती. चार चाळीसला मशीनने शिट्टी दिली आणि ते बंद पडलं. बायको उठून बसली, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागली. मुलीने थोडा वेळ आईची पाठ चोळली. मग ती जिन्यात गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात नळी होती.

"हे घ्या बाबा. काल सापडली होती, पर्समध्येच राहिली."

नळी कोमट होती. रेडिओवाल्याने ती खिडकीकडे धरली. मावशीच्या नळ्या चाकाखाली आलेल्या, चिखल माखलेल्या असत. हिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तोंडाकडच्या मऊ प्लास्टिकवर मात्र दाताची खूण होती, डाव्या बाजूला, मधेच तुटलेली. लहानपणी झोपाळ्यावरून पडून मुलीच्या दाताचा कोपरा उडाला होता. तिच्या शाळेच्या प्रत्येक पेन्सिलीवर ही खूण असायची.

त्याने टेबलाखालची भंगाराची बादली ओढली. रिकाम्या नळ्यांची टोकं एकेक करून चाचपली. तशीच. तशीच. ही पण.

"सगळ्या ऑफिसबाहेरच सापडतात?" त्याने खालमानेने विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. नशीबवान आहेस."

ती हसली. हसताहसता खोकली, तोंडावर हात दाबून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"उद्यापासून नको आणूस," तो म्हणाला.

"अजून बारा लागतात ना, बाबा?"

आतून श्वास ऐकू येत होता, ओल्या चिंधीतून वारा जावा तसा. त्याने नळीचं बूड पक्कडीत धरलं आणि पीळ दिला.

पाचला वीज आली. मशीन घरघरलं, गजांवरचे हात सुटले. त्याने नवा सेल मीटरला लावून पाहिला. ठणठणीत होता. प्रत्येक सेलवर तो तारीख आणि मिळाल्याची जागा लिहायचा: सिनेमा, ऑफिस. या सेलवर त्याने तारीख लिहिली. मग जागा न लिहिताच पेनाला टोपण लावून टाकलं.

तेहतिसावी रांग जोडून झाल्यावर त्याने ड्रिल काढलं. डब्याला मशीनच्या वायरीसाठी एक भोक आधीच होतं. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, त्याने दुसरं पाडायला घेतलं.

"दुसरं कशाला, बाबा?"

"असू दे. मागाहून पाडायचं म्हणजे सगळं उसकटावं लागतं."

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, थकलेला, पण थट्टेवर आलेला, "पेशंट मी एकटीच आहे ना?"

त्याने वाकून भोकातला भुसा फुंकला. मुलगी उभीच होती. तिने पर्स छातीशी घेतली आणि तिची चेन हळूच, शेवटपर्यंत ओढून बंद केली.