घंटीची रेघ

सासऱ्यांना घरात-दारात सगळे मास्तरच म्हणत. तीस वर्षं त्यांनी तांत्रिक शाळेत रेडिओ जुळवायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी सुनेला धरलं. ओट्यावरची भांडी बाजूला सारून ते तिच्याकडून सर्किटच्या पाट्या करून घेत. नकाशा लेझर प्रिंटरवर मासिकाच्या गुळगुळीत कागदावर छापायचा, तोही आरशात दिसावा तसा उलटा. घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या पाटीवर कागद पालथा ठेवून वरून कडक इस्त्री दाबायची, की टोनर, म्हणजे छपाईची काळी पूड, वितळून तांब्याला चिकटतो. मग पाण्यात भिजवून कागद अंगठ्यानं चोळून काढायचा आणि पाटी फेरिक क्लोराईडमध्ये सोडायची. उघडं तांबं विरघळून जातं, टोनरखालच्या रेघा तेवढ्या वाचतात.

मास्तरांची जीभ त्या फेरिकपेक्षा जहाल होती. पहिल्या पाटीचा नकाशा ती उलटा करायला विसरली, तर त्यांनी ती पाटी चहाला आलेल्या पाहुण्यांत फिरवली. "सूनबाईंनी डावखुऱ्या विजेची सोय केलीय," ते म्हणाले. पाहुणे पोट धरून हसले, नवराही हसला. पुढच्या तीन पाट्या मास्तरांनी तिच्यादेखत मोडून केरात टाकल्या. पाचवी मात्र खूप वेळ निरखली आणि "चालेल" म्हणाले. त्या एका शब्दानं तिचा दिवस आनंदात गेला, आणि आपल्याला आनंद झाला याचा तिला रागही आला.

पुढच्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, पाठोपाठच्या झटक्यात डावीही बहुतेक गेली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी हलत. मागच्या खोलीत त्यांचा पलंग लावला. तिथून स्वयंपाकघरात हाक पोचली नसती, आणि हाक तरी कुठली मारणार होते!

सुनेनं त्यांच्यासाठी पाटी केली. या वेळी नकाशाही तिचाच. अंगठ्याखाली बटण; ते दाबलं की एक रेघ स्वयंपाकघरातली घंटी वाजवी आणि दुसरी पलंगाजवळचा लाल दिवा लावी. घंटी पोचली हे त्यांना कळावं म्हणून दिवा. डबीत बसवण्याआधी तिनं पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी एकेक रेघ पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते तर हल्ली सारखंच येई.

मग घंटी वाजू लागली. पाण्यासाठी, उशीसाठी, नाकावर बसलेल्या माशीसाठी, आणि पुष्कळदा कशासाठीच नाही. एका सकाळी तिनं मोजलं, एकेचाळीस वेळा. हातातलं टाकून धावत जावं, तर ते नुसते बघत पडलेले. तिचं अंग आंबून जाई. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी तो आवाज सोसेना.

"बंद करून टाक ना," तो म्हणाला.

"दिवा लागला नाही तर त्यांना कळेल."

"मग दिवा राहू दे."

तिनं डबी उघडली आणि घंटीची रेघ ब्लेडनं कापली. सफाईनं कापली, तिचा हात आता चांगलाच बसला होता. त्या दुपारी कित्येक दिवसांनी ती गरम जेवली. जेवून उठल्यावर दारातून पाहिलं तर दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. मास्तरांचे डोळे दाराकडे. ती मागे सरली. अर्ध्या तासानं खोलीत गेली आणि म्हणाली, "ऐकलं हं बाबा, हात गुंतले होते."

पंधरा दिवस असे गेले. मग एकदा ती त्यांना पेज भरवत असताना त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. घर शांत. एरवी ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेई; ते उघडं असलं की आधी घंटीचा आवाज या खोलीत येत असे. त्यांनी पुन्हा दाबलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"स्वयंपाकघराचं दार लोटलंय," ती म्हणाली. पण दार सताड उघडं होतं, आणि पलंगावरून दिसत होतं. मास्तरांनी अंगठा बटणावरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं कापलेल्या जागी सोल्डरचा थेंब टाकून रेघ जोडली. स्वतः दाबून पाहिलं, घंटी खणखणीत वाजली. त्यांचा अंगठा उचलून तिनं बटणावर ठेवला, तो त्यांनी काढून घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. एकदा ते सबंध दुपार ओल्या चादरीवर पडून राहिले. चादर बदलताना ती म्हणाली, "बाबा, दाबा ना एकदा. आता वाजते." त्यांनी डोळे मिटले.

सात महिने ते जगले. घंटी वाजली नाही.

ते गेल्यावर भेटायला आलेल्यांना नवरा सांगत होता की शेवटी शेवटी बाबांचा काही म्हणजे काही त्रास नव्हता, एवढा तापट माणूस अगदी शांत झाला होता. चुलत सासू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या सेवेमुळंच गं." ती चहाचे रिकामे कप गोळा करून आत घेऊन गेली.