उर्सुलाचा अंगठा

पापडी गावच्या बाजारात उर्सुलाच्या अंगठ्याला मान होता. केळी असोत की वांगी, एकदा तिने दाबून "घे" म्हटलं की बायका डोळे मिटून पिशवीत टाकत. तीस वर्षं तिने वाडीतला माल मुंबईला पाठवला होता आणि त्या तीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकली होती: अंगठ्याला जो माल कडक लागतो तोच टिकतो. या एका अंगठ्याच्या जोरावर आपल्याला माणसांचीही पारख आहे असं तिला वाटे, आणि ते ती चारचौघांत बोलूनही दाखवी.

नवऱ्याची पारख तिने केली ती अशी. गेल्या वर्षी मे महिन्यात क्लेमेंट एका लग्नाहून स्कूटरवर घरी येत होता. वळणावर टँकरने पाणी सांडून ठेवलेलं. आडवं कुत्रं आलं, त्याने ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि त्याचं डोकं कुंपणाच्या दगडावर आपटलं. नऊ दिवस तो शुद्धीवर आला नाही, आणि मग गेलाच. लग्नाहून येत होता म्हटल्यावर प्यालाच असणार असं सगळ्यांनी धरलं, पुढचं कोणी विचारलं नाही. क्लेमेंटने उपवासकाळात दारू सोडली होती आणि ईस्टर झाल्यावरही थेंब घेतला नव्हता, हे उर्सुलाला ठाऊक होतं. तरी मातीच्या दिवशी, भरल्या घरात, ती म्हणाली, "शेवटी दारूनेच नेला."

"पप्पा प्यायला नव्हता!" रोवेना किंचाळली. ही त्यांची एकुलती एक लेक. उर्सुलाने सगळ्या पाव्हण्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली.

तेव्हापासून मायलेकींचं बोलणं जेवण झालं का, गॅस संपला का, एवढ्यावर आलं होतं. आता क्लेमेंटच्या वर्षाचा मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, दहा दिवसांवर आला होता. रोवेनाला त्या दिवशी भाऊबंदांना जेवायला बोलवायचं होतं. उर्सुलाचं एकच पालुपद: "दारुड्याच्या नावाने पंगत कसली घालतेस?"

त्यात रोवेनाला वालीवच्या एका कारखान्यात नोकरी लागली. रिक्षा बदलत जाण्यात दीड तास जायचा. वर्षभर ताडपत्रीखाली पडलेली बापाची स्कूटर तिने बाहेर काढली, पुसली, छोट्या टेम्पोत चढवली आणि वालीवला शत्रुघ्नच्या टायरच्या दुकानात नेली. उर्सुला सोबत गेली. लेकीला कोणी फसवू नये म्हणून गेली, असं ती शेजारणीला सांगून आली होती.

शत्रुघ्न खाडीकाठच्या गावचा, पन्नाशीचा, हात काळे आणि तोंड चालू. त्याने मागचं चाक काढलं, टायरवरून हात फिरवला आणि त्याची बडबड थांबली.

"ह्यो टायर तुमाला कोनी दिला?"

"का? खराब आहे?" रोवेनाने विचारलं. "जास्त चालला पण नाही. नक्षी बघा ना, नवीच आहे."

"नक्षीवर नको जाऊस, पोरी. हितं बघ." त्याने टायरच्या कडेला उठवलेले आकडे ओल्या फडक्याने पुसले. "एकतीस, बारा. म्हंजे दोन हजार बाराचा एकतिसावा आठवडा. तुमी बसवला कदी?"

"गेल्या वर्षी. जानेवारीत."

"म्हंजे अकरा-साडेअकरा वर्सं कुनाच्या तरी माळ्यावर पडून व्हता. वापरलेला नाय, पन मेलेला. दाबून बघ. दगड झालाय. सुक्या रस्त्याला कळत नाय, पन पानी लागलं का साबनावर पाय पडल्यागत सुटतो. ह्याच्यावर मी माझ्या बायकोला बसवनार नाय."

रोवेना टायरकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि तोंडावर हसू आलं, दोन्ही एकदमच.

"पाणीच होतं तिथे," ती म्हणाली. "टँकरचं पाणी होतं. मम्मी, ऐकलंस? मी म्हणत होते ना. पप्पा प्यायला नव्हता."

उर्सुलाला ऐकू आलं होतं. पण ती तिथे नव्हती. ती तुळिंजच्या बाजारात उभी होती, गेल्या वर्षीच्या जानेवारीत, गल्लीतल्या एका अंधाऱ्या दुकानात. समोर दोन टायर, बाजूला क्लेमेंट. त्याने एक टायर दाबला आणि म्हणाला, "हा नरम आहे. हा रस्ता धरील." तिने दुसरा दाबला. घट्ट होता, अंगठा जराही रुतला नाही. "नरम म्हणजे सडायला आलेला," ती म्हणाली, "कडक बघून घे." क्लेमेंट हसला. "उर्सुला, हे वांगं नाही गं." दुकानदारही हसला, दोन गिऱ्हाइकंही हसली. परक्या माणसांनी आपल्याला हसावं हे तिला मुळीच सोसत नसे. मग तिने हट्टच धरला. नेला तर हाच नेऊ, नाहीतर मी चालत घरी जाते. क्लेमेंटने दोन्ही हात वर केले. "घरात माल हीच निवडते," तो दुकानदाराला म्हणाला, "दोन्ही चाकांना असाच लाव." चार महिने तो त्या टायरवर फिरला. एकदा म्हणालाही, मागचं चाक जरा सटकल्यासारखं वाटतं. ती म्हणाली होती, तुझाच हात कापतो, इतकी वर्षं प्यायलास त्याचा.

बाजूच्या स्टुलावर ती मटकन बसली.

"असला माल निवडला कोनी?" शत्रुघ्नने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. माणूस बोलतो तसा तो बोलला.

रोवेना त्या दिवशी कॉलेजात होती. ती दोन गिऱ्हाइकं कोण कुठली; बाकी दुकानात तिघंच होती: दुकानदार, क्लेमेंट आणि ती. त्यातलं एक मातीत, आणि तुळिंजच्या त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. उर्सुलाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. वर्षभराने ते तोंड तिच्याकडे वळलं होतं, त्यात राग नव्हता. एक शब्द खरा बोलली असती तर ते पुन्हा कधीच वळलं नसतं. निदान तिला तरी तसं वाटलं. ती घाबरली.

"ह्यांनीच," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते."

शत्रुघ्नने मान हलवली आणि टायर भंगाराच्या ढिगात फेकला. रोवेना आईजवळ आली, खाली बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला.

"जाऊ दे, मम्मी. पप्पाला कधीच काही पारख नव्हती. तुझं ऐकलं असतं तर आज असता." तिने डोळे पुसले. "पण दारू तरी नव्हती ना. आता मिस्साला जेवण घालू. मी सगळ्यांना सांगणार आहे, टायरने घात केला म्हणून. पप्पाने बघून घेतला नाही, एवढंच."

"घालू," उर्सुला म्हणाली.

शत्रुघ्नने आतून दोन नवे टायर आणून फळीवर ठेवले. दोन्हींवरचे आकडे त्याने रोवेनाला वाचून दाखवले, दोन्ही यंदाचेच होते.

"मम्मी, तू दाबून बघ ना," रोवेना म्हणाली. "काका, आमच्या मम्मीचा अंगठा अख्ख्या पापडीत प्रसिद्ध आहे. ती म्हणेल तोच लावा."

तिने आईचा हात धरून टायरपर्यंत नेला. उर्सुलाचा अंगठा मुठीच्या आत होता, आणि ती मूठ काही केल्या उघडेना.