दत्तारामच्या सदऱ्याचा तुकडा

कौसल्या त्या वर्गाला गेली ती नलूच्या आग्रहाखातर. दोघी परळच्या एकाच म्युनिसिपल शाळेत शिकवायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत दादरच्या एका महिला मंडळाने आठवडाभर भरतकाम, ठसेकाम आणि कापडावरची रंगचित्रं शिकवायचं ठरवलं होतं. शेवटी रविवारी राणीच्या बागेत सहल. प्रत्येकीने घरच्या जुन्या कापडाचा एक चौकोन सजवायचा आणि सगळे जोडून मोठी गोधडी करायची, असं मंडळाच्या चिटणीस सुमेधाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

कौसल्याने घरी आईला विचारलं. कमळाबाईंनी ट्रंक उघडली आणि दत्तारामचा पांढरा सदरा बाहेर काढला. दत्ताराम कौसल्याचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी जानेवारीत गिरणीतून घरी येताना लालबागच्या नाक्यावर पोलिसांच्या गोळीने तो गेला होता. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून तेव्हा शहरभर आंदोलन पेटलं होतं.

"ह्यातला घे," आई म्हणाली. "भोकाकडचा."

कौसल्याने त्या भोकाला ठिगळ लावलं नाही. भोवती काळ्या दोऱ्याने बारीक टाके घातले आणि खाली लाल रंगात एकच शब्द लिहिला : मुंबई. सुमेधाताईंनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "आमच्याकडेसुद्धा सगळे संयुक्त महाराष्ट्रवालेच गं," त्या म्हणाल्या. "हे प्रत्येक सभेला जातात."

शनिवारी अस्तर लावायला म्हणून गोधडी त्या घरी घेऊन गेल्या.

रविवारी बागेत गेल्यावर बायकांनी चिंचेच्या सावलीत सतरंज्या टाकल्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोकमचं सरबत. कुणी गाणी म्हणत होतं, कुणी हत्ती बघून येत होतं. दोन झाडांना दोरी बांधून गोधडी टांगली, तेव्हा कौसल्या हौसेने पुढे गेली. तिच्या चौकोनाच्या जागी हिरवागार पोपट होता.

"सुमेधाताई, माझा तुकडा?"

"अगं, सांगणारच होते तुला." सुमेधाताईंनी आवाज खाली आणला. "आज प्रमुख पाहुण्या येतायत. सरकारदरबारी वजन आहे त्यांचं. मंडळाला हॉलसाठी जागा मिळायची आहे. अशा वेळी फाटका तुकडा, वर तो शब्द..."

"फाटका? ते भोक कसलं ते सांगितलं होतं मी तुम्हाला. रडलात तुम्ही."

"म्हणूनच तर. आजच्या दिवशी कशाला राजकारण?"

"कुठाय तो?"

"घरी असेल. चिंध्यांत."

कौसल्याने नलूच्या पिशवीतली कात्री घेतली आणि पोपटाचे टाके एकेक करून उसवायला लागली. बायका ओरडल्या. सुमेधाताईंनी तिचा हात धरला, तो तिने झटकून टाकला. तेवढ्यात पाहुण्याही येऊन पोचल्या. कौसल्याने सुटा झालेला पोपट सुमेधाताईंच्या हातात ठेवला.

"हा तुमचा. तुम्ही ठेवा."

पाहुण्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं. मग कौसल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, झालं गेलं विसरायला हवं."

"तुमचं काय गेलं ते आधी सांगा," कौसल्या म्हणाली. "मग विसरायचं बघू."

एका बाईने पुऱ्यांचा डबा पुढे सरकवला. कौसल्या चालू लागली. मागून फक्त नलू आली.

दोघी ट्रामने दादरला सुमेधाताईंच्या घरी गेल्या. सासूबाईंनी चिंध्यांची पिशवी आणून दिली. तुकडा वरच होता. कुणीतरी त्याला ब्रश पुसले होते. हिरवा, निळा, पिवळा. शब्द वाचता येत नव्हता. नलू रडायला लागली. कौसल्याला रडू आलं नाही. तिने तुकड्याची घडी घातली आणि ती बाहेर पडली.

घरी तिने तो आईच्या पुढ्यात ठेवला. कमळाबाईंनी उलटसुलट करून पाहिला.

"कुणी केलं?"

कौसल्याने सांगितलं. माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण आई उठली होती. पदर खोचून तिने पायांत चपला घातल्या.

"चल. घर दाव मला."

दिवेलागणीला सुमेधाताईंनी दार उघडलं, तर उंबऱ्यात कमळाबाई. मागे कौसल्या.

"माझ्या लेकाचा सदरा हाय," कमळाबाईंनी तुकडा पुढे धरला. "धुऊन द्या."

"अहो, तो तेलाचा रंग आहे. नाही निघायचा आता. मी नवीन कापड..."

"नवीन नको. धुवा."

जिन्यावर शेजारपाजारचे जमले. सुमेधाताईंचे यजमान आतून बाहेर आले, काय झालं ते सासूबाईंनी त्यांना सांगितलं, आणि ते खाली मान घालून आत गेले. कमळाबाई उंबऱ्यातच बसल्या.

शेवटी सुमेधाताई मोरीत गेल्या. साबण लावून चोळू लागल्या. पाणी हिरवं झालं, निळं झालं. रंग फिकटला, पण गेला नाही. त्यांची बोटं लाल झाली. "नाही निघत हो," त्या रडत म्हणाल्या.

"चोळा," कमळाबाई म्हणाल्या.

कौसल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आईला घरी चल म्हणावं, असं तिला एकदाही वाटलं नाही.